लातूरच्या डोक्यावरची तार

२०२४ च्या मे महिन्यात, १० तारखेच्या रात्री, लडाखमधल्या हानले इथून काढलेले फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. डोंगरांच्या वर, उत्तरेच्या अंगाला, आकाश तांबडं झालेलं. भाची तेव्हा बारावीची परीक्षा देऊन लातूरला आमच्याकडं राहायला आली होती. फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "मामा, सूर्याकडचे कण ध्रुवांपाशी खाली उतरतात आणि उजेड पडतो, असं तुम्हीच शिकवता ना? मग नुसतं उतरल्यानं एवढा उजेड कसा पडतो?"

प्रश्न साधा होता आणि अगदी नेमक्या जागी बसला. सूर्याकडून सतत वाहत येणारा कणांचा झोत म्हणजे सौरवारा. त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा असते साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, पेटवणारे इलेक्ट्रॉन वातावरणात शिरतात ते १ हजार ते १० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन. म्हणजे वाटेत कुणीतरी त्यांना शेकडो पटींनी बळ दिलेलं असतं. ते कुणी दिलं, हा खरा प्रश्न. आणि शाळेच्या पुस्तकातली दोन वाक्यं नेमकी तीच जागा उडी मारून ओलांडतात. उत्तराचा मोठा भाग लहरींमध्ये आहे. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणात प्लाझ्मा भरलेला आहे, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन. त्या प्लाझ्मात लहरी उठतात आणि इलेक्ट्रॉनांना उचलतात.

यातल्या काही लहरींची कंप्रता आपल्या कानाच्या टापूतली असते, काही शे ते काही हजार हर्ट्झ. आवाज नव्हे, विद्युतचुंबकीय लहरीच. पण अँटेनाला हेडफोन जोडला, मध्ये एक चांगला अँप्लिफायर घातला, की त्या थेट ऐकता येतात. रेडिओ स्टेशनसारखं काही लावावं लागत नाही. हे सांगितल्यावर भाची गप्प कशी बसेल? मी ते यंत्र जोडायला घेतलं. अवजारं, सुटे भाग आणि सवड हे सगळं जुळेपर्यंत बराच काळ गेला, आणि शेवटी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, जवळ आली तेव्हा आम्ही चार दिवसांचा बेत ठरवला.

पहिला दिवस : लातूर ते तुळजापूर

पाठीवर एक पिशवी. तीत एक मीटर लांबीची अॅल्युमिनियमची दांडी, ९ व्होल्टची बॅटरी, रेकॉर्डर, दोन हेडफोन, आणि स्टीलचा जेवणाचा डबा. डब्यात डाळभात नव्हता, अँप्लिफायर होता. बाहेरचा विजेचा गोंगाट आत शिरू नये म्हणून धातूची पेटी लागते, आणि स्टीलच्या डब्याइतकी चांगली आणि स्वस्त पेटी मला दुसरी मिळाली नाही. सकाळच्या एसटीनं औसा सोडलं आणि दोन्ही बाजूंना शाळू लागला. निसवून आलेली कणसं, मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे.

तुळजापूरला दर्शन झालं आणि बाहेर ओट्यावर एक गोंधळी तुणतुणं लावत बसलेले दिसले. संबळवाला अजून यायचा होता. भाची सरळ जाऊन त्यांच्यापुढं बसली. "काका, ही खुंटी पिळली की काय होतं?" त्यांनी बोलण्याऐवजी करून दाखवलं. तार ताणली, सूर चढला. सैल केली, उतरला. मग हसून म्हणाले, "तार जाड घातली तर ताणली तरी खालीच बोलती."

मला जे सांगायचं होतं ते सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये नेमकं हेच प्लाझ्माबद्दल लिहिलं, आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चुंबकीय बलरेषा ही काही खरीखुरी तार नव्हे. पण प्लाझ्मातले कण तिला बांधल्यासारखे तिच्याभोवती गिरक्या घेत राहतात, त्यामुळं रेषा वाकवली की कणही सोबत वाकतात, आणि ती तारेसारखी वागू लागते. चुंबकीय क्षेत्र म्हणजे तारेचा ताण. कणांची दाटी म्हणजे तारेचं वजन. क्षेत्र जोरदार, कण विरळ, तर लहर वेगानं धावते. कण दाट, तर सुस्त. या लहरींना आल्फवेन लहरी म्हणतात. त्या निव्वळ आवाजाच्या नाहीत आणि निव्वळ प्रकाशाच्याही नाहीत. प्लाझ्मा नसेल तर त्या नसतातच.

पायऱ्यांवर बसून मी वहीत पृथ्वी काढली आणि तिच्या तारा काढल्या. चुंबकीय अक्षांश मोजला तर लातूर येतं फक्त १० अंशांच्या आसपास. तिथून निघणारी बलरेषा दक्षिणेकडं जाऊन पुन्हा जमिनीत शिरते, आणि वाटेत तिची सर्वांत जास्त उंची होते सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे लातूरच्या डोक्यावरची तार अगदी ठेंगणी, वातावरणाच्या वरच्या थरातच वाकून खाली येते. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोवरून निघणारी रेषा मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६ त्रिज्या दूर जाऊन परतते. त्याहून थोड्या उत्तरेच्या तारा तर रात्रीच्या बाजूला सौरवाऱ्यानं ओढून लांबच लांब शेपटीसारख्या केलेल्या असतात. वादळ तिथं, त्या शेपटीत घडतं. ताणलेल्या रेषा तुटतात, नव्यानं जोडल्या जातात, आणि गोफणीची दोरी सुटावी तशा पृथ्वीकडं झेपावतात. त्या हिसक्यानं आल्फवेन लहरी उठतात आणि तारेवरून खाली, ध्रुवांकडं, धावत सुटतात.

भाची बराच वेळ वहीकडं पाहत राहिली. "म्हणजे आपल्याकडं दिसत नाही ते थंडी नाही म्हणून नाही."

नाही. आपली तार शेपटीपर्यंत पोचतच नाही, म्हणून. थंडीचा आणि अरोराचा काही संबंध नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की मी तो शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलेला आहे.

संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर दांडी उभी केली. हेडफोन लावला आणि कानात फक्त घुं. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घुंघुं आणि तिच्या पटीतले सगळे सूर, १००, १५०, २००, वर कितीतरी. दोन तास जागा बदलल्या. कुठंही गेलो तरी कुठला ना कुठला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जवळ होताच. काहीच हाती लागलं नाही.

परतताना मी तिला कुलाब्याची गोष्ट सांगितली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये इतिहासातलं सर्वांत गाजलेलं सौरवादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या सुईनं चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवली. त्या वादळाबद्दल आज जे भरवशानं सांगता येतं त्यात या नोंदीचा वाटा मोठा आहे. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेनं नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. लोखंडाचा कण नसलेली इमारत बांधून. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथं त्याच मालिकेचं काम पुढं चालवते. "मग आपणही अलिबागसारखं करू," भाची म्हणाली. "लाईट नाही तिथं जाऊ."

दुसरा दिवस : तुळजापूर ते किल्लारीजवळचं शेत

आज येळवस. लातूर-धाराशिवकडं या अमावस्येला गावं ओस पडतात, कारण सगळी माणसं शेतात असतात. आक्काचं शेत किल्लारीपासून आत आहे. नळदुर्गवरून उमरग्याला आलो आणि तिथं औशाकडची गाडी बदलायची होती.

उमरग्याच्या स्टँडवर अशी गर्दी की फलाट दिसेना. गाडी आत वळली आणि थांबायच्या आधीच माणसं तिच्याबरोबर पळू लागली. भाचीचा हात धरून मी बाजूला उभा राहिलो, आणि उभ्या उभ्या मला तिच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांपुढं घडताना दिसलं.

जो माणूस जागेवर उभा होता त्याच्या समोरून गाडी निघून गेली. त्याला काही मिळालं नाही. एक पोरगा गाडीच्या कितीतरी पुढं पळत गेला होता. त्यालाही गाडीचा उपयोग नाही. पण जो गाडीच्याच वेगानं, जरासा कमीच, दाराबरोबर पळत होता, त्यानं दांडा धरला आणि गाडीनं त्याला ओढून घेतलं. त्याचा वेग गाडीचा वेग झाला. आल्फवेन लहर इलेक्ट्रॉनांशी हेच करते. जे इलेक्ट्रॉन लहरीच्या वेगाच्या आसपास, तिच्याच दिशेनं चाललेले असतात, तेवढेच तिच्या विद्युत क्षेत्रात अडकतात आणि तिच्याबरोबर ओढले जातात. बाकीच्यांना ती फक्त हेलकावा देऊन पुढं जाते. आणि ज्यांना ओढलं त्यांची ऊर्जा लहरीच्या खिशातूनच जाते, त्यामुळं लहर तेवढी क्षीण होते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ यांनी १९४६ मध्ये याचं गणित मांडलं.

यात एक बारकावा आहे, तो टाळून पुढं जाता येत नाही. रुंद, ऐसपैस आल्फवेन लहरीचा विजेचा ओढा तारेला आडवा असतो. आडव्या ओढ्यानं इलेक्ट्रॉन तारेवरून खाली पळणार नाही. पण लहर पृथ्वीजवळ येता येता आडव्या अंगानं चिंचोळी होत गेली, की तारेच्या दिशेनंही थोडा ओढा तयार होतो. शिवाय इथं चुंबकीय क्षेत्र जोरदार आणि कण विरळ, म्हणून लहरीचा वेगही प्रचंड झालेला. जमिनीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर हा खेळ चालतो. तिथं पकडलेला इलेक्ट्रॉन १ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पोचला, तर तो सेकंदाला जवळपास १९ हजार किलोमीटर वेगानं खाली येतो.

अंतराळात हे एकाच वेळी मोजणं अवघड. यान लहरीच्या आतून क्षणात निघून जातं. म्हणून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २० मीटर लांबीच्या नळीत प्लाझ्मा भरून, त्यात आल्फवेन लहर सोडून, इलेक्ट्रॉनांचा वेग वाढताना प्रत्यक्ष पाहिला गेला. तो निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आल्फवेन यांच्या कल्पनेनंतर जवळपास ८० वर्षांनी. सगळेच अरोरा या वाटेनं होत नाहीत. काही शांत, स्थिर पट्टे टिकून राहणाऱ्या विद्युत क्षेत्रामुळं पेटतात. पण वादळाच्या सुरुवातीला जे पडदे थरथरतात, पळतात, सळसळतात, त्यांच्यामागं या लहरी असतात.

आम्हाला पुढची गाडी मिळाली, थांबलेली.

शेतात कडब्याची कोप घातलेली होती. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडलेले, पुढं आंबिलाचं मडकं. दाजींनी "ओलगे ओलगे" म्हणत रानाला फेरी घातली, आंबील शिंपडली. मग जेवण. भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची खीर, आंबील. भज्जीची चव मला शब्दांत आणता येत नाही; हरभरा, तूर, वाल, पालेभाज्या, भुईमूग असं सगळं रान एका पातेल्यात शिजलेलं असतं. आक्कानं तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर मी बांधावर दांडी रोवू लागलो. दाजींच्या आई काठी टेकत आल्या आणि जराशा लांबच उभ्या राहिल्या.

"मास्तर, ही काठी कशाला रोवायलाव? परत हादरायचं हाय का?"

हात थांबले. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. त्यानंतर कितीतरी वर्षं या भागात यंत्रं घेऊन माणसं येत राहिली. हातात यंत्र असलेला परका माणूस म्हणजे भूकंप, हे इथल्या एका अख्ख्या पिढीच्या अंगात आहे.

"नाही मावशी. जमिनीचं काही नाही. हे वरचं, आभाळाचं ऐकायचं यंत्र."

"आभाळ काय बोलतं?"

"रातच्याला ऐकवतो."

अंधार पडला. पोरांनी हेंडगा पेटवून शेताला फेरी मारली. मग शेकोटीभोवती बसलो. दाजींनी हानलेचा फोटो पाहिलेला होता. "मग समदं तांबडंच का? बाहेरच्या देशातलं तर हिरवं दिसतंय."

दोन्ही उजेड ऑक्सिजनच्याच अणूचे. वरून आलेला इलेक्ट्रॉन अणूला धडकतो, अणू चेतवला जातो आणि थोड्या वेळानं ती ऊर्जा उजेड म्हणून टाकतो. हिरवा उजेड टाकायला त्याला पाऊण सेकंदही लागत नाही. तांबड्याला मात्र जवळपास दोन मिनिटं थांबावं लागतं. खालच्या दाट हवेत दोन मिनिटं कुणाचा धक्का न लागता राहणं शक्य नाही; दुसरा अणू येऊन आपटतो आणि ऊर्जा उजेड न होताच निघून जाते. म्हणून हिरवा १०० ते १५० किलोमीटरवर आणि तांबडा २०० किलोमीटरच्या वर. लांबून, दक्षिणेतून पाहिलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळं पडद्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाखाली बुडतो आणि फक्त उंचावरचं तांबडं टोक दिसतं. रानात लांबून येणाऱ्या पालखीचं निशाण आधी दिसतं, माणसं नंतर, तसं.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसपाळीला होती. म्हणजे रात्री डीपी गप्प. एरवी रातपाळीचा आठवडा आला की दाजी थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. ती लाईट दिवसाची मिळावी म्हणून शेतकरी किती वर्षं मागणी करत आहेत. ती त्या आठवड्यापुरती दिवसाची होती, म्हणून दाजींना झोप होती आणि मला शांतता.

साडेनऊच्या सुमाराला हेडफोन कानाला लावले. घुं अगदी क्षीण, लांबवर. तिच्यावर तडतड. ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तशी, सतत. ही शेकडो, हजारो किलोमीटर दूर कुठंतरी पडणाऱ्या विजांची. मग त्या तडतडीतून एक वेगळाच आवाज निघाला. च्यूं. वरून सुरू होऊन खाली येत एका सुरावर अडकणारा. पुन्हा च्यूं. मग एकामागून एक तीन.

भाचीनं माझा दंड धरला. तिच्या कानात दुसरा हेडफोन होता.

मावशी जाग्याच होत्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर जरा मागं सारून हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "ही तर गोफण. राखणीला आम्ही पोरी असताना मारायचो. दगड सुटला की असंच वाजतंय."

या आवाजाला इंग्रजीत ट्वीक म्हणतात. मी मात्र त्या रात्रीपासून गोफणच म्हणतो.

तिसरा दिवस : किल्लारी ते औंढा नागनाथ

सकाळी कोवळा हुरडा भाजलेला. एका हातात हुरडा, दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं. आवाजाचं चित्र काढणारी सोय असते; आडवा वेळ, उभी कंप्रता. साधी तडतड सरळ उभ्या रेघेसारखी दिसते. गोफणीची रेघ वर सरळ आणि खाली येताना वाकडी, आकड्यासारखी. आणि प्रत्येक आकडा एकाच उंचीवर येऊन थांबलेला, साधारण १.७५ किलोहर्ट्झवर.

वीज पडली की सगळ्या कंप्रतांच्या लहरी एकदम निघतात. त्या जमीन आणि वरचा आयनोस्फिअर यांच्यामधल्या पोकळीतून उड्या घेत दूर जातात. आयनोस्फिअर म्हणजे प्लाझ्माच. ही पोकळी जणू छत असलेली गल्ली. छताच्या उंचीपेक्षा लहरीची अर्धी लांबी मोठी झाली, की ती लहर अशा उड्या घेऊ शकत नाही. त्या सीमेच्या जवळची लहर रखडत, मागं पडत पोचते, म्हणून सूर शेवटी ओढल्यासारखा खाली येतो. दिवसा छत खाली उतरतं आणि लहरींना शोषून घेतं, म्हणून गोफण फक्त रात्री वाजते.

भाचीनं गणित केलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, भागिले दोन गुणिले १,७५०. उत्तर ८५.७ किलोमीटर.

तिनं दोनदा तपासलं. मग मान वर करून निळ्या आकाशाकडं पाहिलं. आदल्या रात्री आमच्या डोक्यावर ८५ किलोमीटरवर प्लाझ्माचं छत होतं, ते एका स्टीलच्या डब्यानं आणि एका दांडीनं मोजलं होतं. आणि उत्तरेत अरोराचा हिरवा पडदा खाली उतरतो तो १०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ज्या मजल्यावर तिथं उजेड पेटतो, त्याच्या अगदी खालचा जिना आम्ही किल्लारीच्या रानात बसून ऐकला. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला होता ते आठवावं लागेल.

दुपारभर प्रवास. लातूर, नांदेड, वसमत. गाडीत भाचीला झोप येईना. तिला दुसऱ्या लहरींबद्दल ऐकायचं होतं, ज्यांना कोरस म्हणतात. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मनीच्या हाइनरिश बार्कहाउझेन यांना शिट्ट्या ऐकू आल्या होत्या, खाली उतरत जाणाऱ्या, लांबलचक. त्या कुठून येतात हे १९५३ मध्ये इंग्लंडच्या ओवेन स्टोरी यांनी उलगडलं. विजेची लहर चुंबकीय तारेवरून हजारो किलोमीटर वर जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरते. वरच्या कंप्रता आधी पोचतात, खालच्या मागाहून. कोरस त्यांचीच भावंडं, पण विजेतून नाही तर चुंबकीय आवरणात स्वतःच उगवणारी. ध्रुवाकडच्या भागात पहाटे ती ऐकली तर झाडभर पाखरं जागी झाल्यासारखी वाटतात, आणि तिचं नावही त्यावरूनच पडलं.

कोरस इलेक्ट्रॉनांना आल्फवेनसारखी ओढून नेत नाही. ती त्यांना वाट चुकवते. अडकलेला इलेक्ट्रॉन तारेभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालत असतो. पृथ्वीजवळ क्षेत्र जोरदार झालं की परत फिरतो. लहरीची कंप्रता त्याच्या गिरकीशी जुळली की त्याची दिशा थोडी तारेकडं कलते, आणि मग तो परत फिरायच्या आत वातावरणात घुसतो. लहर काही सेकंदांनी जोर धरते, ओसरते, पुन्हा जोर धरते. त्याच तालात खाली आकाशात उजेडाचे ठिपके लुकलुकतात. त्याला स्पंदणारा अरोरा म्हणतात. जपानच्या आरासे उपग्रहानं वर लहर आणि निसटणारे इलेक्ट्रॉन मोजले, त्याच वेळी जमिनीवरून खालचा उजेड टिपला, आणि २०१८ मध्ये हा धागा थेट जोडला गेला.

"आपल्याला काल कोरस का नाही ऐकू आला?"

"आपली तार किती उंच?"

"दोनशे किलोमीटर." मग खिडकीबाहेर बघत स्वतःशीच, "कोरस उगवतो तिथवर पोचत नाही."

चौथा दिवस : औंढा आणि परत

पहाटे देवळात गेलो. काळ्या दगडातली हेमाडपंती शिल्पं धुक्यात ओली होती. नामदेवांचं कीर्तन ऐकण्यासाठी हे देऊळ फिरलं, अशी इथली कथा. भाचीनं नंदी कुठं आहे ते शोधलं, तो मागच्या बाजूला.

औंढ्याला येण्याचं माझं कारण दुसरं होतं. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा याच परिसरात उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. ४-४ किलोमीटरचे दोन हात, एकमेकांना काटकोनात. आम्ही रस्त्यावरून लांबूनच पाहिलं, आत जाण्याचा प्रश्न नव्हता. त्या लहरी प्लाझ्माच्या नाहीत, अवकाशाच्याच आहेत. पण गोफणीची पोकळी इथंही आडवी येते. जगभर पडणाऱ्या विजांनी जमीन आणि आयनोस्फिअर यांच्यामधली ही अख्खी पोकळी सेकंदाला सुमारे ८ वेळा घुमत असते. या घुमण्याला शुमान अनुनाद म्हणतात. ते घुमणं सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी पोचतं, म्हणून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शोधकयंत्रांमध्ये ते एकसारखं डोकावतं आणि खऱ्या वैश्विक कुजबुजीचा भास होऊ शकतो. त्यासाठी तिथं संवेदनशील चुंबकमापक लावून ते वेगळं काढावं लागतं. औंढ्यालाही हे करावं लागणार. भाचीनं वहीत लिहून घेतलं आणि पुढं कंसात आपलं नाव लिहिलं. मी काही विचारलं नाही.

परतीला परभणी, परळी, अंबाजोगाई. घाट चढताना अंधार झाला होता. ड्रायव्हरनं आतला दिवा बंद केला आणि खिडकीतून चांदण्या दिसायला लागल्या.

"मामा, इथं कधीच दिसलं नसंल का?"

मुंबईत दिसलं आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री. तसं वादळ आलं की सौरवारा इतक्या जास्त तारा शेपटीकडं ओढून नेतो की अरोराचा पट्टा विषुववृत्ताकडं कितीतरी खाली सरकतो, आणि त्याचं तांबडं टोक आपल्या उत्तर क्षितिजावर येतं. मुंबई आणि लातूर जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत.

ती बराच वेळ काही बोलली नाही. फेब्रुवारीची सुरुवात म्हणजे शाळू काढणीला आलेला. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात, घरात तेलाचा दिवा, रानात तोही नाही. पाखरं दिवसा येतात, पण रात्री डुकरं येतात, चोरही येतात, म्हणून कुणीतरी माळ्यावर जागं असायचंच.

"म्हणजे गोफण घेऊन बसलेलं कुणीतरी," भाची म्हणाली, "उत्तरेला तोंड करून."